कायमचे आले म्हणे!

मांद्र्यात कुणी परदेशातून आला की गाव त्याला दोन प्रश्न विचारतो. ‘केन्ना आयलो?’ आणि ‘परत केन्ना वतलो?’ पहिला प्रश्न सौजन्याचा, त्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. दुसऱ्याला ‘आतां वचना, कायमचो आयलों’ असं उत्तर आलं, की विचारणारा मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि आवाज उतरवून म्हणतो, ‘सगळें बरें मरे?’ नोकरी गेली असणार, नाहीतर किडनी. धडधाकट माणूस आपण होऊन आपल्याच गावात राहायला येतो, हे तिसरं कारण पेडणे तालुक्यात अजून कुणाला पटलेलं नाही.

यंदा असंच एक कुटुंब बहारीनहून कायमचं आलं म्हणे. नवरा, बायको, दहावी झालेली मुलगी, सातवीतला मुलगा. नाव विचारू नका. चार घरांच्या हकिगतींचं मी एक घर केलंय, आणि तरीही जुनसवाड्यापासून आश्व्यापर्यंत निदान दहाजण हा अंक घेऊन माझ्याकडे येतील आणि म्हणतील, ‘आमचंच लिहिलंय.’

येणं तसं सोपं झालंय. पूर्वी गल्फमधला माणूस दाबोळीला उतरायचा आणि झुवारी, मांडवी, शापोरा अशा तीन नद्या ओलांडून घरी पोचायचा. शिवोली-चोपड्याचा पूल नव्हता तेव्हा शेवटची नदी फेरीबोटीने. पेटाऱ्याला बांधलेली दोरी तोवर सैल झालेली असायची. आता ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालेला आणि ५ जानेवारी २०२३ पासून चालू झालेला मोपाचा विमानतळ तालुक्यातच आहे. अट एवढीच की तिकीट काढताना नीट बघायचं. जी-ओ-आय म्हणजे दाबोळी, जी-ओ-एक्स म्हणजे मोपा. एका अक्षराच्या चुकीला टॅक्सीवाला किती घेतो ते विचारू नका, ऐकून रक्तदाब वाढतो आणि तुयेचं नवं इस्पितळ सुरू करा म्हणून इथल्या लोकांना आंदोलनं करावी लागली आहेत. विमानतळ तालुक्यात आला तोवर तालुक्यातली कर्ती पिढी बाहेर जाऊन बसली होती. त्यामुळे त्यावरून येतात ते बहुतेक आपल्याकडे यायला निघालेले दुसरेच लोक.

तर घर. बंगला दोन मजली. बांधला तो नवरा बहारीनमध्ये असताना, व्हिडिओ कॉलवर. कंत्राटदार मोबाईल फिरवून दाखवायचा आणि हा तिकडे शुक्रवारच्या सुट्टीत बनियनवर बसून ‘तो कोपरा दाखव’ म्हणायचा. दाखवलेले कोपरे चांगले झालेत. वरच्या मजल्याला जिना बाहेरून आहे. आमच्या पट्ट्यात बाहेरून जिना दिसला की समजावं, मालकाने पाया खोदतानाच भाड्याचा हिशेब मांडलेला आहे. स्लॅब पडला, पहिल्या पावसात गळला, मग स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून निळे पत्रे घातले. गोव्यात हल्ली घराला छप्पर दोनदा घालतात. एकदा आर्किटेक्टसाठी, एकदा पावसासाठी.

पंचायतीच्या दप्तरात मात्र हा बंगला नाही. तिथे आहे ती ‘जुन्या घराची दुरुस्ती’. आजोबांचं चिऱ्याचं, नळ्यांचं चार खोल्यांचं घर दुरुस्त करता करता दोन मजले झालं. का, तर नवं बांधकाम दाखवायचं तर जागा कुणाची ते सांगावं लागतं. आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आजोबांचं आहे. आजोबा वारून तीस वर्षं होतील. उताऱ्यावर ते ठणठणीत आहेत.

इथून पुढे जरा सावकाश जायला हवं, कारण मांद्र्यात परत येऊन राहणं म्हणजे काय ते सगळं या उताऱ्यात आहे.

गोव्यात आजही वारसाहक्काला पाया आहे तो पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेचा. पोर्तुगीज १९६१ साली गेले, त्यांची संहिता कायमची राहिली. तिला कुणी ‘परत केन्ना वतली?’ विचारत नाही. वारसाहक्काचा भाग २०१२ च्या कायद्यात नव्याने मांडला गेला, गाभा तोच. या कायद्याचं देशभर कौतुक होतं आणि ते रास्त आहे. मुलगा-मुलगी समान. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. मुलंबाळं असतील तर बापाला मृत्युपत्र करून अर्ध्याहून जास्त इस्टेट मनाला येईल त्याला देता येत नाही. न्यायाच्या दृष्टीने याहून चांगलं काय असणार? फक्त न्याय सगळ्यांना मिळाला की घर कुणालाच मिळत नाही.

कारण आजोबांना मुलं पाच. पाचांना मिळून पंधरा. पंधरांपैकी अकरांची लग्नं झालेली, म्हणजे सह्या सव्वीस. शिवाय आजोबांच्या एका बहिणीचा हिस्सा, जी लग्न होऊन सावंतवाडीकडे गेली आणि जिला गावाने साडीचोळीवर बोळवलं होतं. तिच्या नातवाला आता वकील झालेला जावई मिळालाय. सगळ्यांना एकत्र आणून वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंतार घालावी लागते. वारस कोण, मालमत्ता कुठली, याद्या होतात. जुना कागद पोर्तुगीजमध्ये असेल तर भाषांतर करून आणा. मग वारसांमध्ये आपापसांत बोली लागते. म्हणजे आईने जिथे आंबील ढवळली त्या खोलीवर थोरला एक आकडा बोलतो, धाकटी दोन हजार वर चढवते, आणि न्यायालय ते लिहून घेतं. जास्त बोलला त्याला घर, बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. कायद्याने ही सोय चांगली केलीय. कोर्टातून बाहेर पडल्यावर एकाच गाडीने घरी जायचं असतं, त्याची सोय कायद्यात नाही.

ज्यांचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत आहे त्या मुंडकारांची कथा आणखी वेगळी. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण दिलं, राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. त्यासाठीचा अर्ज ज्या पिढीने करायचा ती पिढी कुवेतला होती. मुलगा परत येऊन करू म्हणाला. आता तोही साठीला आलाय आणि भाटकाराने जमीन दिल्लीच्या कुणाला तरी विकल्याचं त्याला कुंपण पडल्यावर समजलं.

आमच्या बहारीनवाल्यांचा सख्खा भाऊ आहे इंग्लंडात, स्विंडनला. त्याच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमदानीतला. लिस्बनला जन्मनोंद झाली, पोर्तुगीज पासपोर्ट आला, ब्रेक्झिटच्या आधी हा तिकडे पोचला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे आता तो आजोबांच्या घराचा वारस आहे आणि परदेशी नागरिकही. एक भाऊ गल्फमधून, जिथे सारा जन्म घालवला तरी सहसा नागरिकत्व मिळत नाही. दुसरा भाऊ नागरिकत्व घेतलेला, पण त्या देशात पाऊल न टाकता तिसऱ्याच देशात राहणारा. घर मात्र एकच, मांद्र्याला. स्विंडनहून त्याचा निरोप आला, ‘दादा, मला काही नको, पण सही करण्यापूर्वी बायकोशी बोलून घेतो.’ निम्म्या-निम्म्या मालकीच्या कायद्यात या वाक्याला फार वजन असतं.

आता दुसरी बाजू बघा. बहारीनवाल्यांच्या शेजारी, त्याच वाड्यावर, नोव्हेंबरात एक रशियन जोडपं उतरलं. परदेशी पाहुणा आला की यजमानाने २४ तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरायचा असतो. भरला. फोटो, पासपोर्ट, व्हिसा, पत्ता, सगळं पोलिसांच्या नोंदीत. दुसऱ्या दिवशी दारात भाड्याची स्कूटर, तिसऱ्या दिवशी योगाचा वर्ग, आठव्या दिवशी पाव विकणारा पोदेर त्यांना नावाने हाक मारतो. सहा महिने मांद्र्यात राहायला एक फॉर्म आणि एक दिवस लागतो. जन्मभर राहायला काय लागतं ते वर सांगून झालंय.

माणसांचंच कशाला, आश्व्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीण येते. आयुष्यभर समुद्र पालथा घालते आणि अंडी घालायला याच किनाऱ्यावर परतते. वनखातं लगेच घरट्याभोवती कुंपण घालतं, पाटी लावतं, राखण ठेवतं. तिच्याकडे कुणी एक-चौदा मागत नाही.

परतीच्या माणसाला तात्काळ ओळखणारी संस्था तालुक्यात एकच, ती म्हणजे बँक. कायम राहायच्या इराद्याने देशात आलात की १९९९ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही निवासी. एनआरई खातं बदलून साधं करा, आजवर करमुक्त असलेल्या व्याजाचा हिशेब आता आयकराला द्या. गाव म्हणतो हा परत जाणार. पंचायत म्हणते कागद आणा. मामलेदार म्हणतात पुढच्या सोमवारी या. बँक म्हणते, ‘वेलकम होम, सर, इथे सही करा.’

मुलीचं प्रकरण वेगळंच आहे. तिला सरकारी नोकरीची स्वप्नं नाहीत, पण आजीला आहेत. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. मुलगी सोळा वर्षांची, त्यातली चौदा बहारीनमध्ये. आजीने हिशेब केला आणि म्हणाली, ‘म्हणजे ही गोंयकार व्हायला तिशीत जाईल.’ आजीचं गणित सरकारपेक्षा सरळ असतं. दर सुट्टीत महिनाभर पेडण्याच्या धुळीत लोळलेली पोर, तिला हुमण आवडतं, पण त्याचा दाखला मिळत नाही.

मुलाचं त्याहून बरं आहे. तो मल्याळी मित्रांबरोबर वाढल्यामुळे त्याची हिंदी कोची वळणाची आणि इंग्रजी मनामाची. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून गोव्यात कोंकणी की मराठी यावर माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. या पोराला दोन्ही येत नसल्याने गावातला तो एकमेव तटस्थ माणूस आहे. आजोबा ज्या सरकारी मराठी शाळेत शिकले तिथे त्याला घालावं असं बापाला एकदा वाटलं. आईने त्याच्याकडे फक्त बघितलं. मुलगा आता पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातो आणि ‘तो मांद्र्याचा आहे का?’ असं तिथे मुलं विचारतात.

बायकोबद्दल गावात कुणी बोलत नाही, आणि या सगळ्यात घर बदललं ते तिचंच. बहारीनला ती क्लिनिकमध्ये नोकरी करायची, स्वतः गाडी चालवायची, दुपारी आपल्या चावीने आपलं दार उघडायची. इथे दाराला चावीच नाही, कारण दार दिवसभर उघडं असतं आणि कुणीही ‘वयनी, आसा मगे?’ म्हणत थेट स्वयंपाकघरात येतं. सासूचं म्हणणं, सोमवारी मासळी नको, एकादशीला नको, देवाच्या दिवसांत नको. बाकी दिवस मासळीवाली येईल तेव्हा घ्यायची आणि ती येते ती अकराला. मग नोकरी कधी शोधायची? नवरा म्हणतो, ‘जरा रुळूया.’ तो रुळलाय. संध्याकाळी तिठ्यावर उभा राहून बहारीनच्या रस्त्यांची तारीफ करतो. बहारीनमध्ये होता तेव्हा तिथे मांद्र्याच्या वाऱ्याची करायचा.

परतून आलेल्यांची बाजू घेतली म्हणजे ते गरीब गाय झाले असं नव्हे. याच कुटुंबाने आल्या आल्या कंपाउंडची भिंत घातली आणि विहिरीकडे जाणारी जुनी पायवाट आत घेतली. ज्या वाटेवरून यांची आजी कळशी घेऊन गेली तिथे आता इंटरलॉकिंगच्या लाद्या आणि मनी प्लांट. सकाळी पोदेराच्या भोंप्याने झोपमोड होते म्हणून तक्रार झाली. देवळाच्या कर्ण्याबद्दलही झाली, पण हळू आवाजात. किनाऱ्यावर पहाटेपर्यंत दणाणणाऱ्या संगीताबद्दल मात्र नाही, कारण ते संगीत ऐकायला येणाऱ्यांनाच वरचा मजला द्यायचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. आमच्या पट्ट्यात तो बहुधा फक्त दशावताराला लागतो.

आणि वरचा मजला गेलाच. ‘सी ब्रीझ’ की असलंच काहीतरी नाव दिलं, समुद्र दीड किलोमीटरवर असताना. पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची म्हटलं तर पुन्हा घराचा कागद मागणार, म्हणून तोंडी व्यवहार. हंगामात भाडं इतकं चांगलं की कुटुंबाने तळमजलाही दोन महिन्यांसाठी दिला आणि आजीच्या मागच्या पडवीत मुक्काम हलवला. बहारीनमध्ये दोन खोल्यांत राहून मांद्र्यात आठ खोल्या बांधल्या, आता मांद्र्यात पडवीत राहतात. मुलीने विचारलं, ‘पप्पा, आपण घरी कधी जायचं?’ कुठल्या, ते तिने सांगितलं नाही.

लोक परतण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं तेव्हा एअर इंडियाने लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे परत आणलं. त्यांत गोव्याची माणसं भरपूर होती, एकेक बॅग घेऊन आलेली. तेव्हाही गावांनी ‘परत केन्ना वतलो?’ विचारलं आणि कुवेत सुटल्यावर पुष्कळजण गेलेही. २०२० च्या साथीत बोटींवरचे तारवटी परतले, क्वारंटाइन भोगून घरी आले, बोटी सुरू झाल्या तसे निघून गेले. दोन्ही वेळा गावाला वाटलं, बरं झालं, जमिनीचा विषय निघाला नाही.

हेच आमचं खरं दुखणं आहे. बाहेरच्याला जमीन विकायची असेल तर पंधरा वारस एका आठवड्यात सापडतात, दुबईतली सही वाणिज्य दूतावासातून येते, सावंतवाडीचा नातू पहाटेच्या बसने येतो. त्याच जमिनीत आपलाच भाऊ राहायला आला की प्रत्येकाला आठवतं, आपला हिस्सा राहिलाय. मग विकत घेणाऱ्या दिल्लीवाल्यांना, मुंबईवाल्यांना भायले म्हणून शिव्या द्यायच्या, निवडणुकीत ‘गोंय राखा’ म्हणायचं. राखणार कोण? ज्याला राहायचंय त्याला सव्वीस सह्या मिळत नाहीत आणि ज्यांना राहायचं नाही त्यांची नावं उताऱ्यावर लागायला हक्काने उभी.

बहारीन, मस्कत, दोहा, स्विंडन, जिथे कुठे हा अंक मोबाईलवर वाचत असाल त्यांना एकच सांगणं. बंगल्याचा दुसरा स्लॅब ओतण्याआधी पहिला कागद करा. सगळे वारस एका छपराखाली येतात ते वर्षातून एकदा, चवथीला. माटोळी बांधायला भाऊ हवा, आरतीला चुलतभाऊ हवे, नेवऱ्या तळायला वयनी हव्या, तेव्हा सगळे असतात आणि पोट भरलेलं असल्याने बोलणंही बरं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वकिलाला जेवायला बोलवा. मामलेदार कचेरी चवथीला बंद असते, वकील येतो.